चरा लोखंडापर्यंत

काकाजी कुणाच्याही घरी गेले की आधी फाटक खरवडायचे. घरधनी "या, या" म्हणत पायरीवर उभा आणि हे खाली वाकून फाटकाच्या अगदी तळच्या कोपऱ्यात, जिथे कुत्र्याशिवाय कुणाचं लक्ष जात नाही तिथे, रुपयाच्या नाण्याने खर्र खर्र करताहेत. मग नाणं पुसायचे, खरवडलेल्या जागेचा वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "दोन पावसाळे." एवढं झालं की आत येऊन पाणी मागायचे. माझ्या नव्या स्कूटरला त्यांनी दुसऱ्याच दिवशी नंबरप्लेटच्या मागे चरा पाडला आणि सांगितलं, "चार साल." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या वर्षी स्कूटर बरोबर तिथूनच गंजायला लागली. आता तो त्यांच्या अंदाजाचा विजय की त्यांच्या चऱ्याचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

काकाजींना जाऊन दुसरं वर्ष लागलं. त्यांचे चार हसरे किस्से सांगावेत आणि मोकळं व्हावं, असं मला फार वाटतं. किस्से आहेतही ढीगभर. पण ते सांगता सांगता मी दर वेळी एका ठिकाणी येऊन गप्प होते, आणि ते ठिकाण टाळून लिहायचं तर न लिहिलेलं बरं. मी त्यांच्याशी वाईट वागले. नुसतं वाईट नाही, लबाडीने वागले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला पळायला वाट राहणार नाही.

गोंदियाहून बिरसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खासगी तपासणी लॅब होती. सिमेंट, गिट्टी, लोखंड, रंग, जे येईल ते तपासायची. मी नागपूरहून एम.एस्सी. होऊन तिथे केमिस्ट म्हणून लागले. काकाजी माझे सहायक. वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठे, हुद्द्याने माझ्या खाली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास झालेले. ती गोष्ट ते स्वतःच सांगायचे, आणि मीही ती विसरू द्यायचे नाही.

आमचं मुख्य काम होतं पोलादावरच्या पॉलिमर कोटिंगची तपासणी. लोखंडाच्या हातभर पट्ट्या यायच्या, त्यांच्यावर कंपनीने आपला लेप चढवलेला असायचा. आम्ही त्या लेपावर सुरीसारख्या हत्याराने फुलीचा चरा पाडायचो. चरा थेट खालच्या लोखंडापर्यंत गेला पाहिजे. मग पट्टी मिठाच्या पाण्याचा फवारा मारणाऱ्या पेटीत दीड महिना ठेवायची. चऱ्यातून गंज लेपाखाली किती आत सरकला, ते शेवटी मोजायचं. लेप चांगला असेल तर गंज चऱ्यातच अडून बसतो. वाईट असेल तर वरून चकाचक आणि आतून पोखरलेलं.

मिठाच्या पेटीवर काकाजींचा विश्वास नव्हता. लॅबच्या साहेबांना ते तोंडावर विचारायचे, "गोंदियात समुद्र कुठी आहे साहेब?"

साहेब रायपूरकडचे. "काकाजी, ये टेस्ट पूरी दुनिया में चलती है."

"चालत असंल. पन आपल्या इकडचं पानी गोडं आहे, चिखलाचं आहे. आज लोखंड बुडते, उद्या उघडं पडते. वरतून म्हशी."

म्हशी हा त्यांचा खास विषय. केशोरीच्या अलीकडे त्यांचं गाव. त्यांच्या पूर्वजांनी तिथला तलाव बांधला होता. त्यांच्या समाजातल्या लोकांनी त्या भागात गावोगावी तलाव बांधले, त्यातलाच तो एक. तलावाच्या काठाशी काकाजींनी एक खांब रोवला होता, म्हशी पाण्यातून निघताना अंग घासायच्या त्या जागी. कंपनीकडून जास्तीची पट्टी आली की ती हे गावी नेऊन त्या खांबाला बांधायचे, अर्धी पाण्यात, अर्धी वर. म्हशी येता-जाता तिच्यावर अंग घासायच्या. झाली चाचणी. "म्हैस सुट्टी नाही घेत बाई," ते मला म्हणायचे, "अन् कोनाचा फोन बी नाही घेत."

या पट्ट्यांची नोंद ते एका लांबट वहीत ठेवायचे. तिच्यात तारखा नसायच्या. "रोवणीच्या आठव्या दिवशी पाण्याच्या रेघेवर फोड." "पोळ्याले फोड फुटला." "धान कापतेवेळी बोटानं लेप सुटला." मी ती वही जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवायचे, आवाज काढून. लोक ठसका लागेपर्यंत हसायचे. काकाजीही हसायचे आणि वही परत घेऊन पिशवीत ठेवायचे.

सोमवारी सकाळी ते गावाहून एसटीने यायचे तेव्हा त्यांच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेल्या ओल्या पट्ट्या असायच्या. चिखलाचा वास सगळ्या गाडीभर. एकदा कंडक्टरने हटकलं, "मासोळ्या आहेत का? मासोळ्या असतीन तं टपावर ठेवा."

"मासोळ्या नोहोय. निकाल आहे," काकाजी म्हणाले.

कंडक्टरला काय कळणार. त्याने गोणपाट उघडून पाहिलं, आणि नंतर कधी विचारलं नाही.

मुलीच्या लग्नात आलमारी द्यायची होती. गोंदियाच्या दुकानात त्यांनी पाच आलमाऱ्या ओढून बाहेर काढायला लावल्या आणि पाचही मागून खरवडल्या. दुकानदार अंगावर धावून आला. शेवटी एक घेतली. लग्नात वराच्या मामाने मांडवातच नाक मुरडलं, "आलमारी बेस आहे, पन चरा पडला आहे मागून." काकाजी छाती काढून म्हणाले, "म्याच पाडला. पास झाली म्हनून तं घेतली." ती आलमारी अजून तशीच आहे म्हणतात.

बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं दिवसभर आमच्या डोक्यावर घिरट्या घालायची. काकाजी हातातलं काम टाकून वर बघायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत सायकल घेऊन निघाले ते थेट विमानतळाच्या फाटकावर. पहारेकऱ्याला विचारलं, विमानाच्या पोटाले जरा खरवडून पाहू काय? पहारेकऱ्याने हाकललं. येऊन मला म्हणाले, "त्याचं बरोबर होतं. पन विमानाचं फाटक पाह्यलं म्या. एक पावसाळा."

"गंजोबा" हे नाव त्यांना मी दिलं. म्हणजे समोर काकाजी आणि पाठीमागे गंजोबा. महिन्याभरात सगळी लॅब तेच म्हणायला लागली, गेटवरचा चहावालाही. माझ्या हुशारीचं मला कौतुक वाटत होतं.

वर्षातून एक दिवस ते हमखास सुट्टी घ्यायचे. पावसाळ्याआधी त्यांच्या गावात घरटी एक टोपलं माती तलावाच्या बांधावर टाकायची रीत होती. पहिलं टोपलं काकाजींच्या घरचं, कारण बांध त्यांच्या पणजोबांनी घातलेला. ते टाकल्याशिवाय गावातलं दुसरं टोपलं हलत नसे. रजेच्या अर्जात ते कारण लिहायचे, "बांधावर माती टाकणे आहे." साहेबांनी तो अर्ज एकदा भिंतीवर चिकटवला होता, सगळ्यांनी हसावं म्हणून. मी त्याखाली पेनाने लिहिलं, "टोपलं मोठं घ्या." एवढी मी विनोदी.

आता बल्बची पेटी. लाकडाची, चहापत्तीच्या डब्याएवढी. आत टॉर्चचे सेल, वर टॉर्चचा छोटा बल्ब, आणि बाहेर आलेल्या दोन वायरी. एक वायर पट्टीच्या वरच्या टोकाला, जिथे लोखंड उघडं असायचं (मिठाच्या पेटीत ठेवताना ते टोक आम्ही टेपने झाकायचो) तिथे लावायची. दुसरी चऱ्यात टेकवायची. चरा लोखंडापर्यंत गेला असेल तर बल्ब पेटतो. लेपातच अडला असेल तर नाही पेटत, कारण लेपातून वीज जात नाही. ही पेटी काकाजींनी स्वतः बनवलेली. चरा पाडला की ते मागून पेटी पुढे करणार आणि म्हणणार, "बाई, बल्ब लाव." दर वेळी. शंभरदा पाडलेला चरा असला तरी. मला तो आवाज ऐकूनच कानकोंडं व्हायला व्हायचं. एवढ्या मशीन असलेल्या लॅबमध्ये जत्रेतल्या खेळण्यासारखी ती पेटी.

एका हिवाळ्यात मोठं काम आलं. तालुक्यातल्या काही जुन्या तलावांची पाणी सोडायची दारं बदलून पोलादाचे गेट बसवायचे होते, वर पॉलिमरचं जाड कोटिंग. ठेकेदाराला लॅबचा दाखला हवा होता. यादीत काकाजींच्या गावचा तलाव होता. त्यांना काय आनंद झाला होता! जुनं लाकडी दार त्यांच्या आज्याच्या हातचं, सडून गेलं होतं. "आता माह्या पोरापासून नातवापर्यंत पाहाले नाही लागत," म्हणाले.

पट्ट्यांवर चरा पाडायच्या दिवशी ठेकेदाराचे दोन इंजिनियर नागपूरहून आले. त्यातला एक माझ्याच कॉलेजचा, मला एक वर्ष वरचा. मी हातमोजे घालून, केस नीट करून टेबलाशी उभी. कोटिंग नेहमीपेक्षा जाड आणि चिवट होतं. हत्यार सरकत होतं. मी तीन पट्ट्यांवर फुल्या पाडल्या, चौदा, पंधरा आणि सोळा नंबरच्या. मनगट दुखायला लागलं होतं. पाठीमागून ठरलेला आवाज आला, "बाई, बल्ब लाव."

तो इंजिनियर पेटीकडे बघून हसला. "ये क्या है, दिवाली की झालर?"

मी मागे न बघता म्हणाले, "काकाजी, ते ठेवा तिकडे."

काकाजींनी पेटी ठेवली. पट्ट्या मिठाच्या पेटीत गेल्या. चौथी पट्टी जास्तीची होती, ती ते गावी घेऊन गेले.

दीड महिन्याने मी मिठाची पेटी उघडली. पट्ट्या स्वच्छ होत्या. लेपाखाली गंज नाही हे ठीक. पण चऱ्यातही गंज नव्हता. एक लाल ठिपका नाही. उघडं लोखंड मिठाच्या धुक्यात एका दिवसात लाल होतं. दीड महिन्यात चरा लाल झाला नाही याचा अर्थ एकच, चरा लोखंडापर्यंत गेलेलाच नव्हता. ही चाचणी झालीच नव्हती. एवढं कळायला एम.एस्सी. झालेल्या बाईला बल्ब लागत नाही. मला त्याच क्षणी कळलं.

पुन्हा करायचं म्हणजे आणखी दीड महिना. साहेबांनी ठेकेदाराला शब्द दिलेला. आणि मला कायम करायचा कागद त्याच महिन्यात साहेबांच्या टेबलावर होता. मी पट्ट्या पुसल्या, फोटो काढले आणि लिहिलं, "गंज आढळला नाही. उत्तीर्ण." सही केली. खाली दुसरी सही काकाजींची लागायची.

ते सोमवारी गोणपाट घेऊन आले. तलावातली पट्टी त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हशींच्या शिंगांनी घासून पडलेल्या चऱ्यांपासून लेप फुगला होता आणि नखाने उचलला तर पापडासारखा निघत होता. खाली काळं-लाल लोखंड.

"मी सही नाही करत साहेब. पुन्हा लावा पट्ट्या."

"मॅडम, क्या बोलती हो?" साहेबांनी मला विचारलं. ठेकेदाराचा माणूस समोर बसला होता.

काकाजी माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. त्यांना माझ्याकडून काहीतरी यायला हवं होतं, आणि ते काय, हे त्या वेळी मला कळलं नाही असं मी पुढची कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं.

मी म्हणाले, "सर, म्हशीने घासलेल्या पट्टीवर आपण निकाल द्यायला लागलो तर लॅब बंद करून गोठा उघडावा लागेल." सगळे हसले. मग मी आणखी म्हणाले, कारण हसणं माझ्या बाजूने होतं, "आमच्या गंजोबांना सगळीकडे गंजच दिसतो."

ते नाव त्यांनी बहुधा पहिल्यांदाच तोंडावर ऐकलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बरं," म्हणाले.

दुसरी सही स्टोअरकीपरने केली. काकाजींना साहेबांनी त्या महिन्याअखेर घरी बसवलं. वय झालं, नजर गेली, असं कारण सांगून. जाताना त्यांनी एकच वस्तू मागितली, मिठाच्या पेटीतली चौदा नंबरची पट्टी. साहेबांनी हसत दिली. आणि एक वस्तू ते ठेवून गेले. माझ्या टेबलावर, पेनस्टँडच्या शेजारी, बल्बची पेटी होती. मी ती कपाटात खाली टाकली. महिन्याभराने मी कायम झाले. पेढे वाटले.

तिसऱ्या वर्षी, दसरा झाल्यावर, साहेबांनी बोलावलं. काकाजींच्या गावचं गेट अडकलं होतं. धान गर्भावर आलेलं, शेवटचं पाणी हवं होतं, पावसाने पाठ फिरवलेली. तलाव पाण्याने भरलेला आणि दार उघडेना. साहेबांनी एक टाइप केलेला कागद दिला. गावाने गेटची देखभाल केली नाही म्हणून ते अडकलं, असं त्यात होतं. खाली सरपंचाची सही आणायची होती. मी लेपाची जाडी मोजायचं यंत्र घेतलं. ते घ्यायला कपाट उघडलं तेव्हा खाली पेटी दिसली. का कोण जाणे, मी तीही पिशवीत टाकली.

बांधावर सगळं गाव होतं. एका बाजूला निळंशार पाणी आणि दुसऱ्या बाजूला बांध्यांमधल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधल्या, मातीला हात जाईल एवढ्या भेगा. गेटचा लेप सापाच्या कातीसारखा लोंबत होता. खाचांमध्ये गंज फुगून दार असं बसलं होतं की फिरवायचा दांडा वाकला, पण दार हललं नाही. माणसं पाण्यात उतरून घणाने मारत होती. त्यातलं एक पांढरं डोकं काकाजींचं. छातीभर पाण्यातून त्यांनी वर पाहिलं.

"आली का बाई," म्हणाले आणि पुन्हा छिन्नी धरली.

दोन डिझेल इंजिनं लावली होती. त्यांचं पाणी जवळच्या चार बांध्यांपलीकडे जात नव्हतं. दुपारपर्यंत घण चालले. मग म्हातारी माणसं एकत्र बसली. एकच उपाय होता, बांध कापायचा. उथळ टोकाशी, पोत्यांनी आवरत. पण एकदा कापलेला बांध भर पाण्यात बुजवता येत नाही. धान वाचेल कदाचित, बाकी सगळा तलाव वाहून जाईल. उन्हाळ्याचं पीक गेलं, मासोळ्या गेल्या, गुरांचं पाणी गेलं.

"पहिलं टोपलं ज्याच्या घरचं, पहिली कुदळ बी त्याच्याच घरची लागंल," एक म्हातारा म्हणाला. त्याला ते बोलवत नव्हतं.

काकाजी ओल्या कपड्यांनीच उभे राहिले. बांधाच्या टोकाशी गेले, टोपी काढली, गुडघे टेकून मातीला कपाळ लावलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी कुदळ उचलली. पहिला घाव बसला तेव्हा बायांनी डोक्यावरचे पदर पुढे ओढले. तीन घाव घालून त्यांनी कुदळ दुसऱ्याकडे दिली आणि बाजूला जाऊन पाठ करून बसले. पणजोबांपासून दर वर्षी ज्या बांधावर त्यांच्या घरची माती पडत आली, तो त्यांनी स्वतः फोडला. मी यंत्र गळ्यात अडकवून तिथे उभी होते. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी गप्प होते.

संध्याकाळच्या आधी ते मला घरी घेऊन गेले. काकूंनी पाणी दिलं. काकाजींनी गोठ्याच्या वळचणीला टांगलेल्या पट्ट्यांमधून एक काढली आणि समोर धरली. चौदा नंबर. अजून चकचकीत.

"पेटी आनली का?"

मी पिशवीतून पेटी काढली. त्यांनी नवे सेल घातले. दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून दाखवल्या; बल्ब पेटला. मग पट्टी माझ्या हातात दिली. "लाव."

मी एक वायर वरच्या टोकाला लावली, दुसरी माझ्या फुलीत टेकवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. बल्ब पेटला नाही.

"म्या तवाच पाह्यलं होतं," ते म्हणाले. "पट्ट्या तू पुसून ठेवल्या, त्याच दिवशी. तू घरी गेल्यावर."

"मग साहेबांसमोर सांगितलं का नाही? म्हशीच्या पट्टीचंच काय घेऊन बसलात?"

"तुही नोकरी गेली असती ना वं बाई. नवी पोरगी. म्या म्हनलो, म्हशीचं नाव सांगतो, हासतीन तं मले हासतीन. पट्ट्या पुन्हा लागल्या का झालं." ते वायरी गुंडाळत होते. "अन् तू सांगशीन असं वाटलं. महिनाअखेरपर्यंत वाट पाह्यली म्या. रोज."

मला रडू आलं. ते मला गप्प करायला आले नाहीत. "माह्यासमोर रडून काय होते," म्हणाले. "मानसं बसली आहेत आंगनात. धान त्यायचं आहे."

अंगणात सरपंच, म्हातारी माणसं, चिखलाने माखलेली पोरं चहा पीत बसली होती. मी उभी राहिले. आणि म्हणाले, "आमच्या लॅबकडून त्या वेळी चाचणीत थोडी चूक झाली होती. त्याचं आम्हाला वाईट वाटतं."

सरपंच समजुतीने मान हलवून म्हणाले, "होते मॅडम. मशीनचं काम आहे."

मी "हो" म्हणाले. मशीनचं काम आहे याला मी हो म्हणाले. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "जेवून जाजो बाई. भात जुन्या धानाचा आहे." मी जेवले नाही. गाडीत बसायला निघाले तर काकाजी पोचवायला आले. दार लावताना खाली वाकले आणि हळूच म्हणाले,

"बाई, बल्ब नाही पेटला."

एवढंच. आणि वळून गेले. साहेबांना मी सांगितलं की सरपंचांनी सही नाकारली. खरं तर कागद मी पिशवीतून काढलाच नव्हता. त्याच कोटिंगचे बाकीचे गेट कुठे कुठे लागले, तेही मी विचारलं नाही. मग नोकरी बदलली, नागपूरला आले. काकाजी गेल्याचा फोन आला. तेरवीला गेले नाही. काम आहे म्हणून सांगितलं. काम नव्हतं.

पेटी माझ्याकडे आहे. म्हणून आता नीट लिहिते. पट्टी नंबर चौदा, पंधरा आणि सोळा. त्यांच्यावरचे चरे मी पाडले. बल्ब लावायला मला लाज वाटली म्हणून मी तो लावला नाही. चरे लोखंडापर्यंत गेले नव्हते, हे सही करण्याआधी मला माहीत होतं. मशीनची काही चूक नव्हती. ज्या माणसाने मला वाचवण्यासाठी स्वतःचं हसं करून घेतलं, त्याला मी सगळ्यांसमोर हसले. सही माझी आहे.

हेच मागच्या महिन्यात जुन्या साहेबांना आणि गेट बसवणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवलं. मग काकूंना फोन केला. म्हटलं, या वर्षी बांधावर माती टाकायचा दिवस ठरला की मला सांगा, मी येते, एक टोपलं मीही टाकीन.

"ये ना बाई," त्या म्हणाल्या. "पन आधी गावाले खरं सांगजो. मंग टोपलं उचलजो."